हिरीबाईची पाचवी ओळ

१

“पोरी, इथं बोलायचं नसतं.”

रंजिताला तो आवाज तसाच आठवत होता, भाताच्या कोंड्यासारखा जरासा खरखरीत. तिचे वडील तेव्हा नवापूरच्या स्टेशनात नोकरीला होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणात हिरीबाई भात कांडायला यायची. मुसळ पडायचं, गाणं चालायचं आणि गाण्यात एका जागी ती ओठ मिटायची. मुसळ पडतच राहायचं, पण शब्द नसायचा. मग पुन्हा गाणं सुरू. आजीबाई विसरते असं वाटून रंजितानं एकदा त्या जागेत आपलाच एक शब्द टाकला. हिरीबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं, कोंड्यानं माखलेला हात तिच्या ओठांवर ठेवला आणि तेवढंच म्हणाली.

का बोलायचं नसतं, ते तिनं सांगितलं नाही. रंजितानंही विचारलं नाही.

आता हिरीबाई नव्हती. तिचं गाणं तेवढं एका पेटीत होतं. निदान आज सकाळपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती.

लोणखेड्याच्या बाहेर, केळीच्या बागांमागं नुकतंच उभं राहिलेलं ते छोटं कॉलेज. रंजिता तिथं संगणकाची सी भाषा शिकवायची. शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांनी, दानियल आणि भाग्येश यांनी, सागवानी चौकटीत पडदा बसवून ‘गीतपेटी’ केली होती. गाणारणीचं नाव दाबलं की तिचं गाणं ओळीओळीनं वर चढायचं. भाग्येशची आजी रुखमाबाई हिच्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. दानियलची आजी हिरीबाई हिचं गाणं होतं, गेलेल्या माणसांचं. आवाज भरून घ्यायला हिरीबाईनं साफ नकार दिला होता. “मी मेल्यावर मन्हा आवाज कोनी दाबून वाजवायचा नाही,” असं ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली होती. म्हणून दानियल तिच्या पायाशी बसून, ऐकत ऐकत, थेट पेटीतच टंकत गेला. उन्हाळ्यात टंकलं, पावसाळ्यात ती गेली.

प्रदर्शनाला नवापूरच्या डोंगरातून दानियलची आई आशा आली होती, मामा याकूब आला होता. आशाला वाचता येत नव्हतं. दानियलनं नाव दाबलं आणि मोठ्यानं वाचू लागला.

नांगर सुटला नदीच्या काठी, बैल घराला आले,
चुलीवरलं पाणी बाई, निवून निवून गेले,
वाट पुसते पावलाला, पाऊल काही सांगेना,
दारी उभी मी दिवा घेऊन, दिव्याला वारा राहीना.

आणि पडदा काळा.

त्यानं पुन्हा दाबलं. चार ओळी. पुन्हा काळं.

“पुढं?” आशा म्हणाली.

दानियलनं पेटीवरचा हात मागं घेतला. सगळ्या सभागृहासमोर तो म्हणाला, “आई, माझ्यामुळं गेलं.”

आशानं पदर डोक्यावर ओढला आणि ती चालू लागली. मागं वळून तिनं एकदाही पाहिलं नाही.

२

“मॅडम, पोरानं कबूल केलंय. आता कसला पंचनामा करता?” विभागप्रमुख नवनीत सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. “सोमवारी समितीपुढं नाव ठेवतो. प्रकल्पातून बाहेर. पेटी काय त्याच्या घरची आहे, वाटेल ते पुसायला?”

“पुसलं असं तो म्हणाला नाही सर. माझ्यामुळं गेलं म्हणाला.”

“त्यात काय फरक?”

“फरक असेल तर त्याचं वर्ष वाचेल.”

सरांनी बिस्कीट वर काढलं तर ते अर्धंच आलं. उरलेलं चहात बुडालं होतं. ते चिडले. “हे पहा, मला कळलेलं सांगतो. आदल्या दिवशी त्याचा मामा आला होता प्रयोगशाळेत. चर्चमधला पंच माणूस. त्यांना चालतात का असली जुनी गाणी? मामा बोलला असेल, भाच्यानं बोट दाबलं असेल. स्टाफरूममध्ये सगळे हेच म्हणतायत.”

“तुम्हालाही ते गाणं नकोच होतं की.”

“मी पुसा म्हणालो नाही! पाहुण्यांसमोर मरणाचं गाणं कशाला, एवढंच म्हणालो.”

रंजितानं हळूच विचारलं, “प्रदर्शनाच्या आधी प्रोग्राममध्ये काही बदल झाला होता का? आपला नियम आहे, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं.”

“झाला होता. भाग्येशनं दोन ओळी घातल्या. मी सही केली.”

“वाचल्या होत्या?”

नवनीत सर चमच्यानं कपाच्या तळाचं बिस्कीट शोधत राहिले.

३

दानियल कॉलेजमागच्या पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसला होता. शेजारी याकूब. खादीचा सदरा, हातात पोराचा मोबाईल. आशा प्रदर्शनाच्याच दुपारी एकटीच बस धरून गेली होती. त्यानंतर ती लेकाशी एक शब्द बोलली नव्हती.

“फोन लावला की उचलते,” याकूब म्हणाला. “याचा आवाज आला की ठेवून देते. मॅडम, माणूस रागावला तर बरं. ही रागवत पण नाही.”

रंजितानं आडवळण घेतलं नाही. “दादा, लोक म्हणतायत तुम्ही पुसायला लावलं.”

याकूब हसला, पण हसू ओठांपाशीच राहिलं. “मी रविवारी भजन गातो. हे गाणं गात नाही, ते खरं. बाप्तिस्मा झाला तेव्हापासून नाही गायलो. पण ती माझी आई आहे ना? घर बदललं म्हणून आईची चूल फोडतो का कोण? मी आलो होतो याला नागलीची भाकर द्यायला. विचारा त्याला. पोरगा मेसचं खाऊन वाळला होता.”

“दानियल, तू का म्हणालास तुझ्यामुळं गेलं?”

 पाटाचं पाणी केळीच्या सोपटाला वळसा घालून जात होतं. दानियल तेच बघत होता.

“चौथ्या ओळीनंतर काय होतं?”

“काही नव्हतं.”

“म्हणजे गाणं तेवढंच होतं?”

“नाही मॅडम. गाणं मोठं होतं. चौथ्या ओळीनंतर… काही नव्हतं. मग पुढं होतं.”

याकूबनं भाच्याकडं एकदम पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी दटावलं.  आणि रंजिताच्या ओठांवर इतक्या वर्षांनी कोंड्याचा वास आला. मुसळ पडतंय, तोंड मिटलेलं.

“तिथं बोलायचं नसतं,” ती म्हणाली.

दोघांनीही दचकून तिच्याकडं पाहिलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?” याकूब म्हणाला.

“हिरीबाईनंच. का ते नाही सांगितलं.”

याकूबनं मोबाईल खिशात ठेवला.  “आमच्या घरातली रीत आहे. दुसऱ्यांची नसेल. गेलेल्या माणसाचं नाव येतं तिथं गाणारीनं तोंड मिटायचं. ऐकणाऱ्यानं आपापलं माणूस मनात म्हणायचं. परक्याला समजावून सांगायचं नाही, असं आई म्हणायची. सांगितलं की लोक विचारतात, कोणाचं नाव? मग ती जागा राहत नाही.”

“तिथं तू काय टंकलंस, दानियल?”

“काही नाही. नुसतं एन्टर दाबलं. टिंब पण नाही दिलं. टिंब दिलं असतं तर ते काहीतरी झालं असतं.” त्यानं पाण्यातले पाय वर ओढले. “बरोबर तिथूनच गाणं तुटलं, मॅडम. मी जागा सोडली आणि त्या जागेतून सगळं सांडलं.”

४

दुसऱ्या दिवशी तिनं भाग्येशला बोलावलं. शहाद्याकडच्या बागायतदार घरातला पोरगा, तल्लख, सगळ्यांशी गोड. तिची पद्धत वर्गाला पाठ होती. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं तो मोठ्यानं वाचायचा, प्रत्येक ओळ काय करते ते बोलीत सांगायचं. शब्द अडखळला की दोष बहुधा तिथंच सापडायचा.

“वाच. गाण्याची ओळ जोडायचं फंक्शन.”

“मॅडम, हाई म्हणजे खुंट्यांची फळी,” भाग्येश हसत घरच्या बोलीत म्हणाला. “आठ खुंट्या. गाण्याची ओळ आली की तिची लांबी मोजायची, तेवढी जागा मागायची, ओळ उतरवून घ्यायची आन खुंटीले टांगायची. खुंट्या सरल्या की दुप्पट लांब फळी मागायची, सगळं तिकडं हलवायचं.”

“फळी हलली की नवा पत्ता पेटीला कळतो?”

“कळतो. तो परत देस ना मी.”

“आणि नवी फळी मिळालीच नाही तर?”

“जुनी तशीच ठेवस. बघा, इठे तपासेल शे.”

ती मान हलवत गेली. काम नीट होतं, पोराचा हात चांगला होता. मग तिचं बोट दोन ओळींवर थांबलं. “ह्या?”

“ह्या नव्या.” तो अडखळला नाही. “आधी मी ओळीचं शेवटलं अक्षर तपासायचो, ओळ नीट संपली का म्हणून. पण रिकामी ओळ आली तर तपासायला अक्षरच नाही. हात शेजारच्याच्या घरात जायचा. कधी चालायचं, कधी पेटीच बंद पडायची. प्रदर्शनाच्या आधी हिरीबाईच्या गाण्यावर पडली. म्हणून घातलं, लांबी शून्य असली तर काही टांगू नको, रिकाम्या हातानं परत ये.”

“रिकाम्या हातानं. आणि प्रोग्रामचा बाहेर बसलेला, गाणं वाचणारा भाग? त्याला रिकामा हात दिसला की तो काय समजतो?”

भाग्येशनं पडद्यावरून नजर काढली.

“वाच ना.”

“समजतो… गाणं संपलं.”

“आणि गाणं बंद करताना पेटी काय करते?”

“फळीवर असेल तेवढंच परत लिहून ठेवते.”

“तपासलं होतंस, बदल केल्यावर?”

“वेळच नव्हता, मॅडम. सरांनी सही दिली, बस.”

रंजितानं स्वतः एक ओळ टंकली, एक रिकामी, मग आणखी एक. गाणं बंद केलं, उघडलं. पहिलीच ओळ उरली होती.

तर दानियलनं काही पुसलं नव्हतं. फंक्शननं रीत गिळली होती. तिला हलकं वाटलं, अगदी क्षणभर. कारण भाग्येशनं शांतपणे रुखमाबाईचं नाव दाबलं.

ओव्या वर चढू लागल्या. दोन ओळी, मोकळी जागा. दोन ओळी, मोकळी जागा. गाणं शेवटपर्यंत अखंड.

“मन्ही आजीनं गानं बघा,” तो म्हणाला. “हिच्यात तर किती रिकाम्या ओळी शेतस. दोष फंक्शनचा असता तर हाई बी तुटतं ना, मॅडम?”



५

रंजिता पेटी घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीत बसली. बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर अडकला होता आणि चालक कोणाच्या तरी सात पिढ्या उद्धरत होता.

दोन गाणी. दोन्हींत रिकाम्या जागा. एक तुटलं, एक टिकलं. यंत्र पक्षपात करत नाही. मग रिकाम्या जागा सारख्या नसणार.

डोळ्यांना मोकळी दिसते ती जागा यंत्राला मोकळी असतेच असं नाही. तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला, प्रत्येक ओळीची लांबी मोजणारा, आणि रुखमाबाईचं गाणं त्यातून काढलं. भरल्या ओळी भरल्यासारख्या आल्या. रिकाम्या ओळीपाशी शून्य यायला हवं होतं.

एक आला.

पुढच्या जागी पुन्हा एक. त्याच्या पुढं पुन्हा एक. प्रत्येक मोकळ्या ओळीत कोणीतरी स्पेसचं बटण एकेकदा दाबलं होतं. दिसत नव्हतं. पण यंत्राला ती ओळ आता रिकामी नव्हती.

भाग्येशला पुन्हा बोलावलं. नवनीत सरही येऊन दारात उभे राहिले.

“हे तू केलंस?”

त्यानं पडद्याकडं पाहिलं. “मन्ही सवय शे मॅडम. टाइप करताना हात जास स्पेसवर.”

“बरं.” तिनं पेटीच्या माहितीचा मजकूर काढला. पेटी कोणी केली, का केली, तोही भाग्येशनंच टंकलेला. तो या फंक्शनमधून जातच नव्हता, सरळ पडद्यावर उमटायचा. परिच्छेदांमध्ये मोकळ्या ओळी होत्या. तिनं त्या मोजल्या. शून्य. शून्य. शून्य.

“सवय असती तर इथंही असती.”

नवनीत सर आत आले. “म्हणजे काय झालं? मला नीट सांगा.”

“सांगते. रिकाम्या ओळीला गाणं तुटतं, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच त्या जागा भरल्या. न कळता इतक्या नेमानं कोणी भरत नाही. तुम्ही बदल वाचलाच नव्हता सर, तुम्हाला कळायचं कारण नाही. याकूबदादांना कीबोर्ड कसा धरायचा ते माहीत नाही. राहिले दोघं. आता बघा, ज्याला कळलं त्यानं एकच गाणं वाचवलं. दानियलला कळलं असतं तर त्यानं कोणाच्या आजीचं वाचवलं असतं?”

बाहेर ट्रॅक्टर सुटला. 

“तू हिरीबाईचं गाणं उघडून पाहिलंस,” रंजिता भाग्येशला म्हणाली. “पाहणारच. त्याच गाण्यावर पेटी पडली होती. यावेळी पडली नाही. तू खुश होऊन बंद केलंस आणि पेटीनं चारच ओळी लिहून ठेवल्या. पुन्हा उघडलंस तेव्हा कळलं. दुसरी प्रत नव्हती.”

“प्रदर्शन झाल्यावर प्रत काढू, असं मीच म्हणालो होतो,” नवनीत सर पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, “आणि सहीही माझीच आहे. समितीत तसं सांगतो. दानियलचं नाव काढून टाकतो.”

 भाग्येशनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

“समितीला मी समजावीन,” रंजिता म्हणाली. “लांबी, शून्य, एक, सगळं. पण आशाताईंना मी काय समजावू? त्यांच्या लेकानं भर सभागृहात कबूल केलंय. तेवढंच त्यांनी ऐकलंय.”

६

नवापूर सोडून रस्ता डोंगरात शिरला तशी बस निम्मी रिकामी झाली. दानियल आणि याकूब पुढं बसले होते, भाग्येश अगदी मागं.  गेलेल्या ओळींपैकी दानियलला तीन आठवत होत्या. याकूबला सूर आठवत होता, शब्द नाहीत. बाकीचं गाणं आता कुठंच नव्हतं. ते कोणाला दोषी धरून परत येणार नव्हतं. रंजिता खिडकीतून कापणीला आलेला भात बघत राहिली.

आशा अंगणात सुपानं धान्य पाखडत होती. दानियलला पाहून तिचा हात थांबला नाही. पाहुणे आले म्हणून तिनं खाट दाखवली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा सूप उचललं.

“आई,” दानियल म्हणाला.

सूप वरखाली होत राहिलं.

याकूबनं बहिणीला आपल्या भाषेत काही सांगितलं.  आशा रंजिताकडं बघून मराठीत म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. मशीन बिघडलं असं सांगायला आल्या असाल. पोराला वाचवायला मास्तरीण खोटं बोलते, मला माहीत आहे. मी पण बोलले असते.”

 रंजिताकडं होतं ते सगळं खरं होतं आणि या अंगणात त्यातलं काहीच चालणार नव्हतं.

भाग्येश खाटेवर बसलाच नव्हता. तो दाराच्या खांबापाशी उभा होता. चप्पल काढून तो पुढं आला आणि सुपासमोर, उडणाऱ्या कोंड्यात, खाली बसला.

“मावशी, मी भाग्येश. ह्याचा वर्गमित्र.”

“हां. तू डबा खायचा त्याचा.”

“हो.” त्यानं मान खाली घातली. शाळेतलं मराठी त्यानं दोनतीनदा जुळवून पाहिलं, ते जुळेना. मग ते सोडलं आणि तो घरी बोलतो तसं बोलू लागला. “मावशी, दानियलनी काहीच पुसं नही. त्यानी तुमनी मायनी जागा सोडेल व्हती, तशीच, जशी ती सोडे. गानं मन्हा हातथून गयं. चुकीथून गयं, ते खरं. पन माले त्याच दिवशी समजी गयं व्हतं.”

आशाचं सूप खाली आलं.

“तुम्ही येवाना पहिलेच माले ठाऊक व्हतं, चारच ओळी निंघतीन. मी पहिले मन्ही आजीनं गानं बचाडं. मंग बाहेर उनू. दानियल तुमले बोलावाले फोन लावी ऱ्हायंता, आई तू ये, आजीनं गानं वाची दाखाडस म्हने. मी त्याना बाजूले उभा व्हतू, मावशी. मी त्याले सांगं, बोलाव, बोलाव तुन्ही मायले.”

आशानं सूप बाजूला सारलं आणि लेकाकडं पाहिलं.